खटका भिंतीवरचाच राहू दे

जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने स्मार्ट सिटींची पहिली 20 नावे जाहीर केली. त्यांत सुरत होते, तसे आपले बेळगावही. शहर स्मार्ट होते, मग घर का नाही, असा हट्ट माझ्या भाच्याने धरला. अक्का राहते सुरतेच्या दक्षिणेला, भेस्तानला. जवळच पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्या. वस्तीत खानदेशी मराठी जागोजाग कानावर पडते. भाऊजी आणि भाचा पाळीवर जातात. घरात अक्का आणि तिच्या सासूबाई. त्या मूळच्या गोकाकच्या, गुडघ्यांनी बेजार. रात्री अंधारात उठून त्या पडू नयेत, एवढाच या खटाटोपाचा खरा हेतू. मी वायरमनचे काम शिकलेलो, म्हणून मला बोलावणे आले.

भाच्याने आधी स्मार्ट बल्ब आणला होता. सासूबाई निजताना सवयीने भिंतीवरचा खटका बंद करत. वीजच तुटली, की बल्बला मोबाइलची हाक ऐकू यायची कशी? शिवाय अलेक्साला 2019 पासून हिंदी कळते, पण सासूबाई सांगणार 'लाइट हच्चु'!

मग स्मार्ट स्विच बसवायचे ठरले आणि जुन्या घराची खरी परीक्षा सुरू झाली. असा स्विच दिवा बंद असतानाही थोडी वीज घेत जागा राहतो, म्हणून बहुतेक स्विचना न्यूट्रल वायर लागते. ज्या बोर्डावर प्लगची जागा असते तिथे ती सापडते. दाराजवळच्या एकट्या खटक्यात बहुधा फेजच येते-जाते. इथे तर एका खोलीत खटका न्यूट्रलवर घातलेला निघाला, म्हणजे दिवा बंद असला तरी होल्डरमध्ये करंट! अर्थिंगचा पत्ताच नव्हता. मी भाच्याला म्हटले, "बाबा, तुझ्या बल्बाचे पैसे आधी अर्थिंगला आणि 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीला दे." तो रुसला, पण भाऊजींनी ऐकले.

पाण्याच्या मोटरीला स्मार्ट प्लग लावायचाही त्याचा बेत होता. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. साध्या 10 अँपिअरच्या प्लगचे आतले टोक चिकटले, तर मोबाइलवर 'बंद' दिसेल आणि मोटर चालूच राहील. तिथे कॉन्टॅक्टरच हवा.

घरागणिक हिशेब बदलतो. आपल्याकडच्या जाड दगडी भिंतींत वायफाय अडखळते; तिथे 2.4 गिगाहर्ट्झ 5 पेक्षा बरे चालते. शेजारच्या पत्र्याच्या खोलीतल्या भाडेकरूंनी विचारले, तेव्हा मी वायरिंगला हातच लावू दिला नाही. घर सोडताना काढून नेता येईल तेच घ्या, म्हटले.

सासूबाईंसाठी शेवटी पलंगापासून न्हाणीपर्यंत सेलवर चालणारे, माणूस हलला की लागणारे तीन दिवे चिकटवले. ना वायर, ना वायफाय. सेल बदलण्याचे काम भाच्याकडे.