छोट्या बैलगाडीचा मोठा फोटो

आपल्या गटाच्या लाकडी बैलगाड्या सुबक असतात, पण मोबाइलवरच्या फोटोत नुसतं खेळणं दिसतं. गिऱ्हाईक मात्र फोटो बघूनच भाव करतं.

फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना काढा. तिरप्या उन्हात सावली लांब पडते, चाकांचे आरे उठून दिसतात. फ्लॅश नको, सूर्य एक, तशी सावलीही एकच हवी. सावलीची बाजू फार काळी वाटली, तर त्या बाजूला पांढरा कागद धरा.

आपलं माप १ फुटाला १ इंच. म्हणजे ५ फुटी माणूस ५ इंचांचा. त्याचे डोळे जिथे येतील, तिथे कॅमेरा ठेवा. मोबाइल उलटा धरला की भिंग खाली येतं. फार जवळ गेलात तर मागचं धूसर होतं. थोडं मागे सरून झूम करा. माती चाळून पसरा, कारण २ मिलिमीटरचा खडा तिथे इंचभर दगड वाटतो. गाडी पाटावर, अंगणाच्या कडेला ठेवली की मागे खरं शेत, आभाळ येतं.

आणि एक फोटो शेजारी काडेपेटी ठेवून काढाच. पार्सल उघडल्यावर कुणाला फसल्यासारखं वाटू नये. गिऱ्हाईक टिकतं ते विश्वासावर.