परतीचा चढ आधी मोजावा

पावसाचा जोर ओसरू लागला की घरोघरी सहलीचे बेत आखले जातात. धबधब्याला जायचे ठरले, तर ज्येष्ठांपुढे बहुधा दोनच पर्याय उरतात : घरी थांबणे किंवा गाडीत बसून राहणे. यामागे काळजी असते, हे खरे. परंतु सत्तरीनंतर निसर्ग केवळ गाडीच्या काचेतूनच पाहावा, असा कोणताही वैद्यकीय नियम नाही. गरज असते ती वाटेचे गणित आधी मांडण्याची.

साताऱ्याजवळच्या ठोसेघरचे उदाहरण घेऊ. समर्थ रामदासांची समाधी असलेला सज्जनगड मागे टाकून घाटरस्ता वर चढतो आणि पुढे या धबधब्याची दरी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून सह्याद्रीचा हा खडक घडला. त्यांतील कठीण थर तग धरतात, मऊ थर झिजतात; म्हणूनच आपल्याकडील कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात आणि पाणी टप्प्याटप्प्याने घळईत कोसळते. हे दृश्य पाहण्यासाठी वाहनतळापासून झाडीतून खाली उतरावे लागते.

खरी मेख येथेच आहे. टेकडी चढताना माणूस दमला, तर तिथूनच माघारी फिरतो आणि परतीला उतार मिळतो. दरीच्या वाटेवर क्रम उलटा असतो. आरंभी उतार, मोकळा श्वास, उत्साह. आणि पाय थकल्यावर चढ! त्यातही उतरताना धाप लागत नाही म्हणून श्रम होत नाहीत, असे नव्हे. प्रत्येक पायरीवर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. गुडघ्यांवरही मोठा ताण येतो. खाली पोहोचल्यावर पाय थरथरतात ते यामुळे.

म्हणून आपल्या शक्तीचे तीन भाग कल्पावेत. एक उतरण्यासाठी, दोन परतीसाठी. पहिला भाग संपत आला असे वाटताच, धबधबा आणखी पुढे असला तरी, थांबावे. सहलीपूर्वी तीन-चार आठवडे घराच्या जिन्यावर सराव करावा. चढताना एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले, तर गती योग्य आहे असे समजावे. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे नाडीचा वेग वाढत नाही. त्यामुळे अशा वेळी नाडीपेक्षा ही बोलण्याची कसोटी अधिक उपयोगी पडते. हृदयविकार असल्यास किंवा अलीकडे तोल जात असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. उतरताना दुखरा पाय आधी टाकावा, चढताना चांगला. जवळचे आणि दूरचे दाखवणारा एकत्रित चष्मा असेल, तर खाली पाहताना पायरीची कड अस्पष्ट दिसते. मान थोडी अधिक झुकवून पायरी नीट दिसल्यावरच पाऊल टाकावे. चपलांऐवजी, खाचदार तळव्याचे, टाच झाकणारे बूट घालावेत. शेवाळलेला दगड कोरडा दिसला तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

सोबत्याने उतरताना एक पायरी पुढे आणि चढताना एक पायरी मागे राहावे. ज्येष्ठांचा हात धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करावा, म्हणजे पकड त्यांच्या इच्छेने राहते. धबधब्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांशी तर 'थांबा' आणि 'बसा' यांसाठी हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात.

वाढत्या वयात तहान कमी जाणवते. म्हणून तहानेची वाट न पाहता घोट घोट पाणी घ्यावे. मात्र हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे. मधुमेहींनी उपाशीपोटी चालू नये, साखर खिशात ठेवावी. छातीवर दाब, हात वा जबड्याकडे जाणारी वेदना, नेहमीपेक्षा वेगळी धाप किंवा भोवळ जाणवताच तिथेच बसावे. अशा वेळी 'थोडे चालू, मग पाहू' असे म्हणू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोंगरात मोबाईलला संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून तो कुठे मिळतो हे वाहनतळावरच पाहून ठेवावे.

एक गोष्ट मात्र कुटुंबाने कटाक्षाने पाळावी : कुठून परतायचे, हे ज्येष्ठांनीच ठरवावे. 'आता इतके आलोच आहोत' हा आग्रह नको आणि 'तुम्हाला जमणार नाही' हा निर्वाळाही नको. कुणी पहिल्या वळणावरच्या कट्ट्यावर थांबेल. तिथून पाणी झाडांआडून अर्धेच दिसेल, पण त्याचा घोष कानी पडेल. त्यांच्याशेजारी आपणही थोडा वेळ बसावे. परतीची वाट मग सावकाश, एकत्र चढता येते.