भुलीचे औषध आणि शरीराची प्रतिकारशक्ती

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की आपल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अनेक घरांत एक शंका हमखास निघते : "भूल दिली की अंगातली शक्ती जाते." रुग्ण लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयात जाणार असो वा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, या भीतीपोटी आवश्यक उपचार लांबणीवर पडतात. म्हणून याविषयीची माहिती आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

ही शंका अगदीच निराधार नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी आपल्या शरीराच्या रक्षक होत. त्यांपैकी न्यूट्रोफिल पेशी जंतूंना गिळून टाकतात, तर 'नैसर्गिक मारक पेशी' कर्कपेशींवर हल्ला करतात. प्रोपोफॉल, थायोपेंटोन, मिडाझोलम या औषधांच्या संपर्कात न्यूट्रोफिल पेशींचे कार्य मंदावते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. मात्र शस्त्रक्रियेची जखम, वेदना व भीती यांमुळे शरीरात वाढणारी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकेही प्रतिकारशक्ती दाबतात. वेदना शमविणारी भूल हा ताण कमी करते, हेही लक्षात घ्यावयास हवे.

औषध ज्या द्रवात मिसळलेले असते, त्यालाही महत्त्व आहे. प्रोपोफॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते सोयाबीन तेल व अंड्याच्या बलकातील लेसिथिन यांच्या मिश्रणात देतात. एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध, तर तेल १०० मिलिग्रॅम असते. त्यामुळेच ते दुधासारखे पांढरे दिसते. असे तैलमिश्रण स्वतःही पांढऱ्या पेशींवर परिणाम करू शकते. शिवाय त्यात जंतू झपाट्याने वाढतात. १९९० ते १९९३ या काळात अमेरिकेतील ७ रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाच्या साथी उद्भवल्या. औषध हाताळताना निर्जंतुकतेचे नियम न पाळल्याने हे घडल्याचे तपासात दिसून आले. म्हणूनच एकाची कुपी दुसऱ्यास वापरू नये व उघडलेले औषध साठवू नये, असा दंडक आहे.

प्रत्यक्ष रुग्णांमध्ये काय आढळले? स्तनाच्या कर्करोगाच्या २,१०८ स्त्रियांवरील, २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भुलीच्या दोन पद्धतींची तुलना झाली. दोन्ही गटांत रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे १० टक्केच राहिले. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने भारतातील ११ केंद्रांत झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचण्यात आले. ते न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के, तर मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. हा लाभ प्रतिकारपेशींमुळेच झाला, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

तात्पर्य, भुलीच्या भीतीने शस्त्रक्रिया टाळणे हेच अधिक धोक्याचे ठरू शकते. ताप, खोकला, मधुमेह, औषधांची अॅलर्जी किंवा स्टिरॉइडची गोळी चालू असल्यास भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. अतिदक्षता विभागात रुग्णास अनेक दिवस गुंगीत ठेवावे लागले, तर जंतुसंसर्गाविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. आपल्या धर्मग्रामातील कोणी शस्त्रक्रिया पुढे ढकलत असेल, तर त्यास प्रथम भूलतज्ज्ञांची भेट घेण्यास सुचवावे.