दारात भिवापुरी, ताटात डाळही

हिमायतनगरच्या वस्तीत रोजमजुरीवरून आलेली बाई दुपारी काय खाते? बऱ्याच घरांत ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. घरच्यांना वाढून झाल्यावर कालवण उरत नाही, ठेचा तेवढा उरतो. तेव्हा आज मिरचीविषयीच बोलू.

आपल्या जिल्ह्यात धर्माबादचा लाल मिरचीचा बाजार नावाजलेला आहे. पण हल्ली शेतात संकरित वाण वाढले. त्यांचे बी दरवर्षी विकत आणावे लागते. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची वेगळी. ही जुनी देशी जात गडद लाल रंगाची, जाड सालीची आहे. तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी संकरित वाणांपुढे तिची लागवड घटत गेली. भिवापूर-उमरेडकडे कोणी सोयरे असतील तर उन्हात वाळवलेल्या पाच-सहा मिरच्या मागवा. बी त्यातच असते, आणि देशी वाण असल्याने घरचे बी पुढच्या वर्षीही चालते.

जमीन नसली तरी अडत नाही. तेलाच्या जुन्या डब्याला बुडाशी भोके पाडा. निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत भरा. जूनमध्ये बी टाका; पाच-सहा आठवड्यांनी एका डब्यात एकच रोप ठेवा. ऊन भरपूर हवे, पाणी बेताचे. पाने आकसून वळू लागली तर तो चुरडा-मुरडा, म्हणजे बोकड्या. असे रोप उपटून टाका. बाकीच्यांवर सुरुवातीपासून अधूनमधून निंबोळी अर्क फवारा. लावणीनंतर दोन-अडीच महिन्यांत हिरवी मिरची हाताशी येते.

ताज्या मिरचीत 'क' जीवनसत्त्व भरपूर असते. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी ते मोठ्या प्रमाणात वेगळे काढले, ते तिकडच्या लाल मिरचीतूनच. त्यांना 1937 साली नोबेल पुरस्कार मिळाला. हे जीवनसत्त्व भाकरी-पालेभाजीतले लोह अंगी लागायला मदत करते. अंगात रक्त कमी असलेल्या आपल्या बायका-मुलींसाठी ही मोलाची गोष्ट. मात्र भाजल्याने, वाळवल्याने ते बरेच कमी होते. शिवाय एका वेळी मिरची खाऊन खाऊन किती खाणार? म्हणून जोडीला लिंबू, पेरू, आवळाही हवा.

खरा धोका दुसराच आहे. तिखटामुळे कोरडी भाकरी घशाखाली उतरते आणि जेवल्यासारखे वाटते. पण मिरचीने अंगात ताकद येत नाही. ठेच्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे कुटा, मीठ कमी घाला, सोबत वाटीभर वरण घ्या. तोंड भाजले तर पाण्याने भागत नाही, कारण तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. दही किंवा दूध घ्या. पोटात जळजळ, मूळव्याध असेल तर तिखट कमी करून डॉक्टरांना दाखवा.

सुट्टे तिखट घेतलेच तर चिमूटभर पाण्याच्या ग्लासावर टाकून पाहा. रंगाच्या रेघा लगेच खाली उतरल्या तर रंगाची भेसळ समजा. तळाशी विटेसारखा गाळ बसला तर विटकरीची. घरच्या मिरच्या स्वच्छ कापडावर कडकडीत वाळवा. बुरशी धरलेली मिरची फेकून द्या.

डब्यांतल्या झाडांनी घरची हिरव्या मिरचीची थोडीफार गरज भागते. वाचलेल्या पैशांची डाळ आणा, आणि त्या डाळीची पहिली वाटी घरातल्या बाईच्या ताटात वाढा.