निवाची युक्ती

चिखलात न अडणारी गाडी रोज डांबरी रस्त्यावरही सुखाने चालावी, वर स्वस्तही असावी, हे गणित सोव्हिएत अभियंत्यांनी 1977 साली ‘लाडा निवा’मध्ये बऱ्यापैकी सोडवलं.

खरी अडचण वळणावर येते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणजे जास्त अंतर कापतात. जुन्या जीपमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह लावला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. मातीत टायर थोडे घसरून हा फरक पचवतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही. सगळा ताण गिअरांवर येतो, स्टिअरिंग जड होतं. म्हणून रस्त्यावर आलं की फोर-व्हील ड्राइव्ह काढायचा.

निवात दोन शाफ्टांमध्ये एक डिफरन्शिअल बसवला. दोन्ही शाफ्ट आपापल्या वेगाने फिरू शकतात, त्यामुळे चारही चाकांना कायम जोर मिळतो. पण एक चाक चिखलात गरगरू लागलं, तर गाडी जागीच! त्यासाठी हा डिफरन्शिअल लॉक करायचा दांडा दिला.

वेगळी चासी नाही, साध्या मोटारीसारखी एकसंध बॉडी. चारही चाकांना कॉइल स्प्रिंग. बरेच सुटे भाग त्याच कारखान्यातल्या झिगुली मोटारींचे, म्हणून किंमत आटोक्यात. स्टेपनी तर चक्क बॉनेटखाली (मेकॅनिकला हे फारसं आवडत नसावं). कायम फिरणाऱ्या इतक्या गिअरांची किंमत मात्र पेट्रोल आणि गोंगाटात मोजावी लागते.