दोन खुर्च्या एकात एक

मागच्या रविवारी कमरेच्या उशीवर लिहायचं कबूल केलं होतं. ती उशी आज बाजूला ठेवतो. मधल्या दिवसांत इस्लामपूरहून एका ताईंचं पत्र आलं आणि त्यातल्या एका वाक्याने माझा अख्खा आठवडा खाल्ला. मुलगा एकवीस वर्षांचा, उंची पाच फूट पाच इंच, वजन ११८ किलो. इंजिनिअरिंगला आहे, रात्रीची जेवणं आटोपली की तीन-चार तास व्हॅलोरंट खेळतो. दीड वर्षात दोन गेमिंग खुर्च्या झाल्या. पहिलीचा खालचा पाय तडकला, म्हणून दुसरी 'दीडशे किलोची' मुद्दाम शोधून मागवली. पुढे त्या लिहितात, 'ही खुर्ची मोडली नाही, पण तो हिच्यावर बसतच नाही. पलंगाच्या कडेवर बसून खेळतो आणि खुर्चीवर टॉवेल वाळत असतो.'

टॉवेलने दुखणं नेमकं दाखवलं. खुर्ची आपल्याला पेलेल का, हा एक प्रश्न. आपण खुर्चीत मावू का, हा दुसरा. पेटीवर छापलेलं उत्तर कायम पहिल्याचं असतं.

मी स्वतः शंभरी ओलांडलेला, वजनाने. त्यामुळे लग्नाच्या हॉलमध्ये आमच्यासारख्यांचं काय होतं ते आतून ठाऊक आहे. बसण्याआधी आम्ही खुर्चीच्या पाठीवर सहज टेकल्यासारखा हात ठेवतो आणि कुणाच्या लक्षात येणार नाही इतपत ती दाबून बघतो. मग वधूपक्षातला एखादा जाणता काका काही न बोलता शेजारची लाल प्लास्टिकची खुर्ची उचलतो आणि पहिलीत घालून देतो. दोन खुर्च्या एकात एक. पाय आता गुळगुळीत फरशीवर फाकत नाहीत, पाठ लवत नाही, जीव भांड्यात पडतो. पण रुंदी तेवढीच राहिली. हात होते तिथेच आहेत, मांड्या तिथेच अडकतात आणि अक्षता टाकायला उठलं की दोन्ही खुर्च्या मागून चिकटून येतात. शिवाय बैठक होती त्याहून बोटभर उंच झाली.

बाजारातल्या बहुतेक 'हेवी ड्यूटी' गेमिंग खुर्च्या ह्याच जातीच्या आहेत.

वजनाचा आकडा आधी उरकून टाकू. तो खोटा असतोच असं नाही, तोकडा असतो. अमेरिकेत फर्निचर बनवणाऱ्यांची बिफ्मा नावाची संघटना आहे, १९७३ पासूनची. ऑफिसच्या खुर्च्यांच्या कसोट्या ती ठरवते आणि आपल्याकडचे विक्रेतेही 'बिफ्मा'चं नाव मिरवतात. पण एक्स ५.१ ही तिची नेहमीची कसोटी २७५ पौंडांच्या, म्हणजे साधारण १२५ किलोच्या माणसापर्यंतची आहे. त्याहून वजनदारांसाठी एक्स ५.११ ही निराळी कसोटी आहे, ४०० पौंडांपर्यंत, म्हणजे १८१ किलो. तेव्हा नुसत्या 'बिफ्मा'वर समाधान मानू नये, पुढचा आकडा विचारावा. ११८ किलोचा मुलगा पहिल्या कसोटीत काठावर पास होतो खरा, पण ही मुलं खुर्चीत बसत नाहीत, आदळतात. मॅच हरल्यावर तर जास्तच.

बैठक वर-खाली करणाऱ्या मधल्या नळीला आपल्याकडे दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे हायड्रॉलिक म्हणतात. काम करतो तो आत दाबून भरलेला नायट्रोजन. हिच्यात क्लास ४ ही सगळ्यात दणकट श्रेणी. वजनदार माणसाने तीच घ्यावी, घासाघीस करू नये. गंमत अशी की ही नळी खुर्चीला कुठेही स्क्रूने जोडलेली नसते. तिची दोन्ही टोकं किंचित निमुळती असतात, तशाच निमुळत्या भोकांत बसतात आणि बसणाऱ्याचं वजनच तो सांधा दिवसेंदिवस घट्ट करत नेतं. माझी जुनी खुर्ची खाली बसायला लागली तेव्हा दुरुस्तीवाल्याने ती फूटपाथवर उलटी केली, नळीच्या गळ्याभोवती गोल फिरत हातोडीने ठोकू लागला. दहा मिनिटं काही होईना. मग माझ्याकडे वर-खाली बघून म्हणाला, "साहेब, तुम्हीच बसवलीय ना ही?" पुढच्या घावाला टण्ण आवाज झाला आणि नळी हातात आली.

पाया धातूचा घ्यावा. नायलॉनचे चांगले पाये असतात, पण चांगला नायलॉन आणि वाईट नायलॉन दुकानात सारखेच काळे दिसतात.

आता मावण्याकडे येतो.

गेमिंग खुर्चीचं बीज मोटारीत आहे. मोटारींची आसनं बनवणाऱ्या डीएक्सरेसर कंपनीने २००६ च्या सुमारास शर्यतीच्या गाडीतलं आसन चाकांवर बसवून घरात आणलं आणि मग सगळ्यांनी तोच साचा उचलला. शर्यतीच्या गाडीने झपकन डावं वळण घेतलं की ड्रायव्हरचं अंग उजवीकडे फेकलं जातं. ते धरून ठेवायला मांड्यांच्या आणि बरगड्यांच्या दोन्ही अंगांना उंचवटे केलेले असतात. खुर्चीच्या डोक्यापाशी जी दोन भोकं दिसतात तीही मुळात ड्रायव्हरच्या खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांसाठी. आपण त्यांतून मानेच्या उशीचं इलॅस्टिक ओवतो. बरं, इस्लामपुरातल्या त्या खोलीत कुठलं वळण येणार आहे? सडपातळ पोराला ते उंचवटे लागतही नाहीत. आमच्या मांड्या मात्र त्यांच्यावर चढतात. वर फोमचा पातळ थर, आत लोखंडी सांगाडा. अर्ध्या तासात मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या येतात आणि माणूस नकळत उठून पलंगाच्या कडेवर जातो. तिथे उंचवटे नाहीत!

जाहिरातीतली 'सीट विड्थ' बहुतेकदा ह्या उंचवट्यांसकट मोजलेली असते. तुम्हाला हवी ती दोन उंचवट्यांमधली सपाट जागा. मागे नाशिकचा भाचा आला होता, वजन ११२. त्याला भिंतीला टेकून लाकडी स्टुलावर बसवलं आणि मराठी विश्वकोशाचे दोन जाडजूड खंड दोन्ही बाजूंनी कमरेखाली हलकेच टेकेपर्यंत सरकवले. तो म्हणाला, "मामा, ज्ञान दोन्हीकडून टोचतंय." खंड तसेच धरून ठेवायला सांगून त्याला उठवलं आणि मधलं अंतर टेपने मोजलं: ४७ सेंटीमीटर. त्याला आवडलेल्या खुर्चीची रुंदी जाहिरातीत होती ५४. दुकानात जाऊन उंचवट्यांच्या मधे टेप धरली तर ३६ भरली. अकरा सेंटीमीटरचा भाचा कुठे ठेवायचा?

मोठी खुर्ची घ्या, असं कुणीही सांगेल. इथेच दुसरी मेख आहे. खुर्चीवाल्यांच्या लेखी मोठा माणूस म्हणजे उंच माणूस. सिंगापूरच्या सीक्रेटलॅबने निदान खुर्चीचे तीन आकार केले, हे मला आवडतं. पण त्यांच्या टायटन ईव्होचा तक्ता बघा. एक्सएल आकार ८० ते १८० किलोंसाठी, उंची १८१ ते २०५ सेंटीमीटर. स्मॉल आकार १६९ सेंटीमीटरच्या आतल्यांसाठी, वजन ९० च्या आत. ताईंचा मुलगा पाच फूट पाच इंच म्हणजे १६५ सेंटीमीटर. उंचीने स्मॉल, वजनाने एक्सएल. आपल्याकडचे निम्मे जाडे लोक ह्या तक्त्याच्या दोन ओळींच्या मधल्या फटीत पडतात. एक्सएल घेतली की बैठक लांब आणि उंच. मागे टेकलं तर कड पोटरीत रुतते, पाय लोंबकळतात. पाय टेकवावेत तर पाठ सुटते. मानेची उशी येते थेट डोक्याच्या मागे आणि डोकं पुढे ढकलते.

चपलेला नंबर असतो तसा खुर्चीला असावा, हा विचार १९९४ साली हर्मन मिलर कंपनीच्या एरॉन खुर्चीने रुळवला. ए, बी, सी असे तीन आकार. पाठीच्या वरच्या कडेला मागून बोट फिरवलं तर बारीक टिंबं लागतात: एक, दोन किंवा तीन. कुणाच्याही ऑफिसात एरॉन दिसली की मी गप्पा मारत मारत मागे हात घालून टिंबं मोजतो. धिप्पाड साहेब एका टिंबावर बसलेले पाहिलेत मी. जाळीची खुर्ची, भोवती कडक चौकट. चुकीच्या आकारात ती चौकट मांडीला जे काय करते ते साहेबांनी मला सांगितलं नाही, पण ते सारखे उठून खिडकीपाशी जात होते.

बैठकीची खोली मोजायची रीत जुनीच आहे. पाठ टेकवून बसावं, गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड ह्यांत दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. वजनदार माणसाच्या बाबतीत एक गुंता वाढतो. बसल्यावर मागचा मांसल भागच आधी पाठीला टेकतो, त्यामुळे कंबर खुर्चीच्या पाठीपासून पुढे राहते आणि मांडीला बैठक कमी पडते. अशा वेळी सोबत आलेली कमरेची उशी त्याला आणखी पुढे लोटते. म्हणजे फिरून उशीवरच आलो. ते पुढच्या खेपेला.

फोमबद्दल थोडक्यात. फोमवाला '४० डेन्सिटी' म्हणतो म्हणजे घनमीटरला ४० किलो. ते फोमचं वजन झालं, कडकपणा वेगळा. जड माणसाला डेन्सिटी जास्त हवी, कारण पातळ फोम सहा महिन्यांत बसतो आणि मग खालची फळी हाडांना लागते. दुकानात मूठ दाबून काही कळत नाही. वीस मिनिटं बसा. दुकानदाराने चहा विचारला तर हो म्हणा, तेवढीच मिनिटं वाढतात. आणि रेक्झिन घेऊ नका. त्यातला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत आणि घामाने हळूहळू विघटित होतो, मग पाठीवर काळे पापुद्रे चिकटून येतात. कापडी घ्या. डाग पडतील, पडू देत.

आता ताई, तिसरी खुर्ची मागवण्याआधी दुसरीवर एक प्रयोग करा. टॉवेल काढा, खुर्ची आडवी पाडा. हात जिथे बैठकीखाली बोल्टने आवळलेले असतात तिथे बहुधा लांबट खाचा दिसतील. सोबत आलेली ॲलन की सापडली तर बोल्ट सैल करून दोन्ही हात बाहेर सरकवा. एकेका बाजूला दोन-तीन सेंटीमीटर मिळतात आणि तेवढ्याने माणूस हुश्श करतो. उशा दोन्ही काढून टाका. पाय अधांतरी राहत असतील तर देवघराजवळचा पाट पायांखाली द्या. खुर्ची खाली घेण्यापेक्षा हे बरं, कारण खुर्ची खाली घेतली की टेबल उंच होतं आणि पोराचे खांदे कानाला लागतात.

एवढं करूनही तो पलंगावरच गेला तर उंचवटे आडवे येताहेत असं समजा. त्यावर इलाज नाही. खुर्ची त्याच्या एखाद्या सडसडीत मित्राला द्या आणि सपाट, रुंद बैठकीची साधी ऑफिस खुर्ची बघा. कडा खाली वळलेल्या असाव्यात, हात सरकते असावेत. ती दिसेल हेडमास्तरांच्या खुर्चीसारखी. लाल पट्टे नाहीत, दिवे नाहीत. मुलगा नाक मुरडेल, त्याला वीस मिनिटं बसवून ठेवा.

तुम्ही वजन कळवलंत, उंची कळवलीत. विश्वकोश नसेल तर दोन पाट उभे धरून ते मधलं माप आणि गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंतचं माप तेवढं पाठवा. त्याशिवाय मी कुठलीही खुर्ची सुचवणार नाही.