वृद्ध गायकांचें गाणें कसें ऐकावें?

गतवर्षींच्या स्नेहसंमेलनांत घडलेली एक गोष्ट आमच्या मनाला अद्यापि टोचत आहे. चिखली तालुक्यांतील एका खेड्यांतले वयोवृद्ध भजनी बुवा आमच्या विनंतीस मान देऊन शाळेंत आले होते. एके काळीं त्यांच्या पहाडी आवाजाची ख्याति साऱ्या पंचक्रोशींत होती. त्यांची ओळख करून देतांना आम्ही उत्साहाच्या भरांत बोलून गेलों, "बुवांचा आवाज आजहि तसाच आहे." बुवांनीं पहिल्याच अभंगांत तार षड्जाला हात घातला आणि आवाज चिरकला. मागल्या बांकांवरून हंशा पिकला. बुवा क्षणभर थांबले. पेटीवाल्याला पट्टी दोन स्वर खालीं घ्यावयास त्यांनीं सांगितलें आणि पुनः आरंभ केला. त्यानंतरचें त्यांचें गाणें फार चांगलें झालें. परंतु तें ऐकण्याच्या मनःस्थितींत मुलें राहिलीं नव्हतीं. बुवा चहा न घेतांच घरीं गेले.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मुलांना रागें भरलों. तेव्हां दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, विलायतेंतले ऐंशी वर्षांचे गायक मैदानभर धांवत गातात, तें आम्ही मोबाइलवर पाहतों. मग आपल्या बुवांनाच तें कां जमूं नये?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, तो विचारांतीं सोडविण्यासारखा होता. त्याचें उत्तर त्या दिवशीं आम्हांस नीट देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा यत्न करीत आहों.

प्रथम शरीराचा विचार करूं. आवाज ही कांहीं निराळी दैवी वस्तु नव्हे. तो फुप्फुसांतील श्वास आणि गळ्यांतील दोन स्वरतंतु यांच्या मेळानें उत्पन्न होतो. वय वाढलें म्हणजे स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, त्यांना आधार देणाऱ्या कूर्चा कठीण होऊं लागतात आणि छातींत श्वास पूर्वीइतका मावत नाहीं. त्यामुळें वरचे स्वर आवाक्याबाहेर जातात, लांब तान अर्ध्यावर तुटते आणि स्थिर लावलेल्या स्वराला कंप सुटतो. गुडघे थकले म्हणून कोणी आजोबांना हंसत नाहीं. गळा थकला म्हणजे मात्र हसूं येतें, हें आश्चर्य होय.

आतां विलायतेंतील गायकांकडे वळूं. 'रोलिंग स्टोन्स' हा वाद्यवृंद लंडन येथें १९६२ सालीं स्थापन झाला. त्याचा मुख्य गायक मिक जॅगर याचा जन्म १९४३ चा. हा वृंद २००३ च्या एप्रिलमध्यें मुंबईस ब्रेबॉर्न मैदानावर येऊन गायला होता. आणि २०२४ सालीं त्यानें अमेरिकेचा दौरा केला तेव्हां जॅगरचें वय ऐंशी वर्षांचें होतें. हें निःसंशय कौतुकास्पद आहे. परंतु तेथील व्यवस्था लक्षांत घ्यावी. गीतें चार-पांच मिनिटांचीं, त्यांची घडण पूर्वींच ठरलेली. मागें विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा गजर आणि जोडीला साथीचे गायक. शिवाय गीत ध्वनिमुद्रिकेंत जसें ऐकलें तसेंच पुनः ऐकावें, हीच बहुतेक श्रोत्यांची इच्छा. 'बीटल्स' या वृंदानें तर १९६६ च्या ऑगस्टनंतर जाहीर दौरेच बंद केले, आणि तेव्हां त्यांच्यांतील सर्वांत वडील मनुष्य अवघा सव्वीस वर्षांचा होता! पुढें त्यांच्यापैकीं पॉल मॅकार्टनी हा मात्र २०२२ सालीं, ऐंशीवा वाढदिवस झाल्यावर आठवड्याभरांतच, ग्लॅस्टनबरी येथील महोत्सवांत मोठ्या समुदायापुढें गायला. आणि बॉब डिलन, ज्याला २०१६ चें साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें, तो आपलींच जुनीं गीतें इतक्या निराळ्या चालींवर गातो कीं, जुन्या श्रोत्यांस तीं ओळखावयास वेळ लागतो. म्हणजे तिकडेहि सर्वांचा मार्ग एक नाहीं.

आमच्याकडील थोर गायकांनीं वार्धक्याला काय उत्तर दिलें, हें पाहिल्यास तीन-चार निरनिराळे मार्ग दिसतात.

पहिला मार्ग वेळींच थांबण्याचा. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांनीं अल्लादियाखां यांच्यापाशीं कठोर तालीम घेतली आणि ख्यालगायनांत अग्रस्थान मिळविलें. १९६० नंतरच्या दशकांत त्यांनीं जाहीर गायनांतून अंग काढून घेतलें. लोकांनीं 'अजून गा' म्हणावें तेव्हांच उठावें, हा तो करारीपणा. १९७७ सालीं अंतराळांत धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडींत त्यांच्या भैरवीचा समावेश आहे. यान निघाल्यावर थोड्याच दिवसांत त्या निवर्तल्या; तो स्वर मात्र सूर्यमालेच्या पलीकडे चालला आहे.

दुसरा मार्ग याच्या उलट. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) हे १९०५ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळींत शिरले आणि १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापकांपैकीं एक झाले. स्त्रीभूमिकांत त्यांनीं महाराष्ट्राला वेड लावलें. पुढें मंडळी कर्जांत बुडाली, बोलपट आले, प्रेक्षक पांगले. तरी ते उतारवयांतहि रंगभूमीवर उभे राहत. देहाला तें रूप साधेना, परंतु पदाची फेंक आणि शब्दांतील आर्जव उरलें होतें. पुढें पाय निकामी झाले, तरी त्यांनीं भजनें गाण्याचें सोडलें नाहीं. त्यांनीं आधींच थांबावयास हवें होतें, असें म्हणणारे पुष्कळ होते व आहेत. आमच्या मतें हा निर्णय श्रोत्यांचा नव्हे. ज्यानें आयुष्य एका गोष्टीस वाहिलें, त्याला 'आतां पुरे' म्हणण्याचा अधिकार त्याचा त्यालाच.

तिसरा मार्ग गायनाची घडणच बदलण्याचा. अल्लादियाखां (१८५५–१९४६) यांचा आवाज ऐन उमेदींत अतिगायनानें बसला आणि पूर्वीचें माधुर्य परत आलें नाहीं. त्यांनीं हताश न होतां, उरलेल्या आवाजास शोभेल अशी लयीवर आधारलेली गायकी निर्माण केली. तीच पुढें जयपूर-अत्रौली घराणें म्हणून मान्यता पावली. उणीवच पायाचा दगड झाली! त्यांच्या पुत्रांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांची देशभर कीर्ति झाली ती बऱ्याच उशिरा. आणि साठी-सत्तरीनंतरच्या त्यांच्या मैफलींच्या ध्वनिमुद्रिकाच जाणकार अधिक आवडीनें ऐकतात. आवाज मोठा नव्हता, परंतु अनवट रागाची वाट ते घरच्या अंगणासारखी चालत. पंचवीस वर्षांच्या गळ्याला हें साधत नाहीं.

चौथा मार्ग केवळ निष्ठेचा. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) दुर्धर व्याधींतून उठून २००६ सालीं, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, जाहीर मैफलींत गायल्या. त्यांचे गुरुबंधु भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांनीं गुरूच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यास सवाई गंधर्व महोत्सव चालविला होता. दीर्घ आजारपणामुळें खंड पडल्यावर २००७ सालीं ते त्याच व्यासपीठावर पुनः गायले. त्या दिवशीं श्रोते त्यांच्या तरुणपणींच्या तानांचा हिशेब करावयास जमले नव्हते.

येथें एक अडचण सांगितली पाहिजे. ध्वनिमुद्रिका निघाल्यापासून वृद्ध गायकाचा प्रतिस्पर्धी त्याचा स्वतःचाच तरुण आवाज झाला आहे. आपल्या मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गो. ना. जोशी यांनीं ध्वनिमुद्रिकेंत गायली. कवि गेले, गायक गेले, पण त्या मुद्रिकेंतला स्वर एका दिवसानेंहि म्हातारा झाला नाहीं. मनुष्याचें तसें नाहीं. तो रोज वाढतो, झिजतो आणि शिकतो. मुद्रिका आपणांस तो काय होता हें सांगते. तो आज काय झाला आहे, हें समोर बसूनच कळतें.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, वृद्ध गायक समोर आला म्हणजे तीन गोष्टींकडे लक्ष द्या. त्यानें कोणती पट्टी घेतली तें पाहा; पट्टी उतरविणें ही हार नसून शहाणपण आहे. शब्द कसा उच्चारतो तें ऐका. त्या उच्चारांत पन्नास वर्षांचा अर्थ सांठलेला असतो. आणि तो कोठें थांबतो तें ऐका. तरुण गायक जेथें तान घेतो, तेथें वृद्ध गायक पुष्कळदां स्वस्थ राहतो, आणि त्या स्वस्थतेंत राग दिसतो. पालकांसहि विनंति कीं, गांवांत हरिपाठ किंवा भजन असेल तेव्हां मुलांना शेजारीं घेऊन बसावें. ऐकण्याची ही संवय शाळेच्या तासाला लागत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याला आतां उत्तर असें कीं, आपल्या बुवांना जमलें नाहीं हें खरें नव्हे. त्यांना जमलें होतें. पट्टी उतरविल्यानंतरचा तो दुसरा आरंभ हेंच त्यांचें गाणें होतें. तें आपण ऐकलें नाहीं, कारण आवाज 'तसाच' असल्याची खोटी ग्वाही आम्ही आधींच देऊन ठेवली होती. दोष मुलांचा थोडा आणि आमचा फार.

दिवाळीच्या सुटींत आम्ही बुवांच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. त्यांनीं आमच्या पुढें चहा ठेवला आणि यंदाच्या संमेलनास येण्याचें कबूल केलें. या वेळीं त्यांची ओळख करून देतांना आम्ही त्यांचें नांव आणि गांव एवढेंच सांगूं.